सातव्या जगाचा गोळा

दासू, तुझ्या जागी आलेल्या नव्या माणसानं परवा पिशवी दाबून पाहिली नाही. कडं हातात घेतलं आणि मेथीची जुडी घेऊन निघाल्यासारखा गेला आपला ऑफिसकडे. मी इंजिनातून ओरडलो, "अरे ए, दाब ना ती पिशवी!" तो माझ्याकडे तोंड वासून बघत राहिला. वाटलं असेल, या ड्रायव्हरला ऊन लागलं. त्याची काय चूक? दहा वर्षं खांडबारा स्टेशनात आपलं काय चाललं होतं, ते त्याला कोण सांगणार! तुला जाऊन तेव्हा दहा दिवस झाले होते आणि मी पहिल्यांदाच तुझ्याशिवाय त्या फलाटावरून गाडी नेत होतो.

आता लिहायला बसलोय. तुझ्या पाड्यावर शाळेचे गुरुजी हे सगळ्यांना वाचून दाखवणार आहेत, तुझ्या बायकोनं, जमनावहिनीनं, तसं ठरवूनच टाकलंय. म्हणून तुला ठाऊक असलेल्या गोष्टीसुद्धा लिहाव्या लागतील. मोराला नाच शिकवतोय म्हणून हसू नकोस.

आपली लाईन एकेरी. दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी, आणि तिच्या ड्रायव्हरजवळ त्या टप्प्याचा लोखंडी गोळा पाहिजे. गोळा मुठीत मावणारा, वर दोन्ही स्टेशनांची नावं कोरलेली. तो चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला. स्टेशनात शिरताना फायरमननं जुनं कडं खाली टाकायचं आणि पुढच्या टप्प्याचं कडं हात घालून उचलायचं. खालचा माणूस, म्हणजे तू, आलेला गोळा मास्तरच्या यंत्रात नेऊन टाकणार, घंटा वाजणार, तेव्हा कुठं मागच्या गाडीला वाट मोकळी. गोळा यंत्रात पडला नाही तर तो टप्पा बंद. बस्स, एवढंच शास्त्र.

मी तेव्हा फायरमन होतो, तोही कच्चा. नवापूरकडून नंदुरबारकडे येणारी आमची पॅसेंजर खांडबाऱ्याला समोरच्या गाडीसाठी थांबायची. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. आमचे ड्रायव्हर दाजी चहा प्यायला उतरायचे आणि मी पायरीवर बसायचो, कोळशानं माखलेला. माझं नाव नथू, पण तू पहिल्याच दिवशी ठेवलंस, काळा शेठ. घरी तुमची डोंगराकडली कोकणी, मास्तरसमोर शाळेतली मराठी आणि माझ्याशी अहिराणी, अशा तीन भाषा तू सहज बोलायचास. मला एकच धड येते, आणि तीही शिव्या द्यायला जास्त उपयोगी पडते.

रशियानं आकाशात गोळा सोडला, ही बातमी मास्तरनं तुला पेपरातून वाचून दाखवली. सगळं स्टेशन आकाशाकडे बघत होतं. तू मात्र मास्तरला विचारलंस, "एकच सोडला का? मग ठीक. दुसरा सोडायच्या आधी पहिल्याला विचारायला पाहिजे." मास्तर हसून हसून खोकला. दुसऱ्या दिवशी मी पायरीवर बसलो तर तू कडं खांद्यावर अडकवून समोर येऊन उभा राहिलास आणि म्हणालास, "आयक शेठ, आकाशमा सात जगे शेतस."

तिथून सुरू झाली सेनापती गोमाची लढाई.

सात जगं, आणि त्यांच्या मधे एकेरी वाटा. प्रत्येक वाटेचा एक गोळा, त्याच्याशिवाय कुठलंही जहाज त्या वाटेवर जाऊ शकत नाही. राखवाले नावाचे शत्रू चालून आले. जिथं पाय ठेवतील तिथं राख. ("तुन्हा भाऊबंद," असं माझ्या तोंडाकडे बघत म्हणालास, चहाटळ कुठला!) पहिल्या लढाईत गोमा हरला आणि पळताना सातही गोळे घेऊन पळाला. त्याला वाटलं, गोळे नेले म्हणजे शत्रू अडकला. पण शत्रू आधीच आत शिरला होता, आणि अडकली ती आपलीच माणसं. सात जगं तीस वर्षं एकमेकांपासून तुटून पडली. मग म्हातारा गोमा तीन जहाजं घेऊन परत निघाला, एकेक जग सोडवायला आणि एकेक गोळा जागच्या जागी टाकायला.

मी काय कमी भांडलो तुझ्याशी! म्हटलं, सेनापतीचं नाव गोमा? काही विक्रम, प्रताप असं भारदस्त ठेव की. तू म्हणालास, "गोमा मन्हा आजलानं नाव शे. तो काय कमी भारी व्हता का?" म्हटलं, आकाशात कोळसा कुठून आणणार? तर म्हणे जहाज मोहाच्या लाकडावर चालतं. मोहाचं लाकूड संपलं तेव्हा गोमानं दुसऱ्या जगातल्या जंगलखात्याशी आठवडाभर हुज्जत घातली, ते तू अगदी नाव न घेता कुणाकुणाच्या आवाजात सांगितलंस. दाजींनी चहाचा घोट बाहेर टाकला हसताना.

आणि ते चौथं जग! आजही अंगावर काटा येतो बघ. राखवाल्यांचं मोठं आरमार समोरून येतंय, गोमाकडे उरलीत दोन जहाजं. मी म्हटलं, आता संपला. तू कडं जमिनीवर ठेवलंस, बुटाच्या टोकानं मातीत दोन रेघा ओढल्यास आणि म्हणालास, "गोमानी आपला जहाजे लूपमा घिदात." बाजूच्या रुळावर, दिवे विझवून, गुपचूप. समोरून शत्रूला सिग्नल पाडून दिला. राखवाल्यांना वाटलं वाट मोकळी आहे, ते धडाधडा मेन लाईननं सुटले. शेवटचं जहाज पुढं गेल्याबरोबर गोमानं त्यांच्या मागचा सांधा बदलला आणि पुढचाही बदलला. तू हातानं सांध्याची दांडी ओढल्यासारखं करून "खटाक!" म्हणालास. अख्खं आरमार आंधळ्या रुळावर, जिथं पुढं वाटच नाही! एक गोळी न झाडता चौथं जग सुटलं. तिसऱ्या वर्गाच्या खिडक्यांतून माना बाहेर काढून लोक ऐकत होते, बाजाराला निघालेल्या बायांनी टाळ्या पिटल्या, आणि एरवी माझ्या नावानं खडे फोडणाऱ्या दाजींनी इंजिनावर चढून लांब शिट्टी दिली. कुठल्याही सेनापतीला अशी सलामी मिळाली नसेल.

पाचव्या जगावरून आपलं वाजलं ते वाजलंच. तिथं लढाईच नाही. एका म्हातारीनं गोमाला दारात अडवलं आणि म्हणाली, तीस वर्षं मी एकटी दळतेय, आधी नागली दळ, मग गोळ्याचं बघू. सेनापती दिवसभर जात्यावर! मी चिडलो. म्हटलं, ही काय लढाई झाली? तू विचारलंस, "तू कधी जातं वढेल शे का?" मी ओढलं नव्हतं. वाद मिटला नाही मात्र. मला अजूनही वाटतं तिथं एक तोफ तरी उडायला हवी होती.

आता त्या दिवसाचं लिहितो.

त्या दिवशी आमच्याकडे मालगाडी होती, खांडबाऱ्याला न थांबणारी. आदल्या दिवशी तू सांगितलं होतंस की गोमा गोळा पिशवीतून काढून कानाला लावायचा, तेव्हा त्याला त्या जगातल्या माणसांचे आवाज ऐकू यायचे. मी मोठा शहाणा! मागच्या स्टेशनातून सुटल्यावर, दाजींची नजर पुढं होती तेव्हा, पिशवीतून गोळा काढला आणि कानाला लावला. काय ऐकू येणार? इंजिनाचा खडखडाट. तेवढ्यात बॉयलरमधलं पाणी किती ते दाखवणारी काच फुटली. उकळतं पाणी, वाफ, दाजींची आरडाओरड. मी गोळा भाकरीच्या फडक्यात कोंबला आणि कॉक बंद करायला धावलो. काच बदलतो न बदलतो तोच खांडबारा आलं. मी कडं खाली फेकलं, तुझ्या हातातलं दुसरं उचललं आणि गाडी पुढं गेली. फेकलेली पिशवी रिकामी होती.

नंदुरबारला भाकर खायला फडकं सोडलं तर आत गोळा. त्यावर मागच्या स्टेशनाचं आणि खांडबाऱ्याचं नाव कोरलेलं. त्या महिन्यात मी पक्का होणार होतो. गोळ्याला हात लावायचा नाही हा पहिला नियम, आणि मी तो गोष्टीपायी मोडला होता. मी गोळा घरी नेऊन ज्वारीच्या कणगीत पुरला.

इकडे सगळ्यांनी ठरवलं की पिशवी आदळली तेव्हा गोळा गवतात उडाला आणि तू तो पाहिला नाहीस. तुझी टोपी काढून घेतली, चौकशी होईपर्यंत घरी बस म्हणून सांगितलं. यंत्र बंद, गाड्या कागदी परवान्यावर रांगायला लागल्या. तुझ्या पाड्यावरची चाळीस-पन्नास माणसं दोन दिवस रुळाकडेचं गवत चाळत होती. आणि फलाटावर कुणीतरी म्हणालं, "डोंगराकडला माणूस, मोहाची घेतली असणार." तू जन्मात थेंबाला शिवला नव्हतास, दासू. मला माहीत होतं. मी ते इंजिनाच्या पायरीवर बसून ऐकलं आणि बोललो नाही. माझ्या आयुष्यात मी इतका हलकट कधीच नव्हतो.

आठ दिवस मी असे काढले. मग एक युक्ती सुचली, भित्र्या माणसाला सुचते तशी. गोळा फडक्यात घेऊन यायचं आणि खांडबाऱ्याच्या गवतात हळूच टाकायचा. कुणाला तरी सापडेल, यंत्र सुरू होईल, माझं नाव नाही. तुझ्यावरचा ठपका मात्र तसाच राहील, कारण गवतात सापडला म्हणजे तूच पाडलास. हे मला कळत होतं. तरी मी फडकं बांधून निघालो.

पॅसेंजर थांबली. तू फलाटावरच्या निंबाखाली बाकावर बसला होतास, टोपीशिवाय. मला वाटलं तू तोंड फिरवशील. तू हाक मारलीस, "ये शेठ, बठ. सहावं जग सुटनं." मी फडकं मांडीवर घेऊन बसलो. मागच्या गोष्टी ऐकलेली माणसंही जमली. तू सांगायला लागलास. सहा जगं परत आली, सहा गोळे जागेवर पडले. सातव्याचा गोळा मात्र सापडेना. गोमानं दोन्ही जहाजं पालथी घातली, सैनिकांची गाठोडी सोडली. शेवटी सगळ्यांनी मिळून जहाजावरच्या म्हाताऱ्या आचाऱ्याला चोर ठरवलं आणि एका ओसाड दगडावर उतरवून दिलं. सातव्या जगातली माणसं दारात उभी राहून वाट बघत होती.

तू थांबलास.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय? माले माहीत नही. तू सांग."

"गोष्ट तुन्ही शे."

"आतेपर्यंत मन्ही व्हती," तू म्हणालास आणि निंबाची काडी दातात धरून रुळाकडे बघत बसलास.

लोक माझ्याकडे बघत होते. समोरची गाडी यायला अजून वेळ होता. दासू, मी खूप कोळसा ओढलाय, पण त्या बाकावरून उठायला जेवढं बळ लागलं तेवढं पुन्हा कधी लागलं नाही. मी उठलो आणि म्हणालो, "गोमानी सोताना कोटना खिसामा हात घाला." मग मास्तरच्या ऑफिसात गेलो, फडकं सोडलं आणि भाकरीच्या तुकड्यांसकट गोळा टेबलावर ठेवला.

"हा माझ्याजवळ होता साहेब. दासूनं पाडला नाही. मीच रिकामी पिशवी टाकली. आणि तो पीत नाही, हेही लिहून घ्या."

मास्तरनं भाकरीचे तुकडे बाजूला सारले. गोळा पुसला आणि यंत्रात टाकला. तो आतून घरंगळत गेल्याचा आवाज आला आणि आठ दिवस मुकी असलेली घंटा खणखणली. बाहेर तू उभा राहिला होतास. दोन्ही हात वर करून तू ओरडलास, "सातवं जग उनं रे!" आलं म्हणून. आणि काय सांगू, सगळा फलाट ओरडला. कुणाला अर्धीच गोष्ट ठाऊक होती, कुणाला काहीच नाही, पण ओरडले सगळे. दाजींनी येऊन माझ्या कानशिलात एक ठेवून दिली आणि मग स्वतःचा चहा माझ्या हातात दिला. माझं पक्कं होणं दोन वर्षं लांबलं. लांबू दे! तुझी टोपी तुझ्या डोक्यावर परत आली, मी इंजिनात उभा राहून बघितली, आणि त्या दिवशी नंदुरबारपर्यंत मी गात गेलो. माझं गाणं म्हणजे दाजींना दुसरी शिक्षा.

त्यानंतर दहा वर्षं नेम चुकला नाही. कडं हातात आलं की तू पहिल्यांदा पिशवी मुठीत दाबायचास आणि हात उंच करून ओरडायचास, "शे!" आहे म्हणून. मी वरून ओरडायचो, "शे तं शे!" पुढं मी ड्रायव्हर झालो, कडं माझे फायरमन टाकायला लागले, तरी तू "शे!" मलाच उद्देशून म्हणायचास. नवे फायरमन विचारायचे, हे काय? मी सांगायचो, ते आमचं सातवं जग आहे, तू कोळसा मार.

एक विचारायचं मात्र राहिलं. दर वेळी जिभेवर यायचं आणि गाडी सुटायची. तुला आधीपासून ठाऊक होतं का रे? की आचाऱ्याची गोष्ट तुला सहज सुचली? मला वाटायचं, सहज सुचली असावी. कारण ठाऊक असतं तर कुठला माणूस आठ दिवस स्वतःच्या नावाला काळं लावून घेईल? आणि आठ दिवसांनी हाक मारून शेजारी बसवेल?

काल तुझ्या घरी गेलो होतो. वहिनीनं बसायला खाट टाकली, मी आपला तेच ते बडबडत होतो. म्हटलं, त्या वेळी अख्खा पाडा गवतात वाकला होता, बिचाऱ्या दासूनं तर गवताचं पातं न् पातं बघितलं असेल. वहिनीनं माझ्याकडे असं बघितलं, मी जणू आजच जन्मलो.

"तो?" ती म्हणाली. "तो एकदाबी वाकला नही भाऊ. बांधवर बशी ऱ्हायना दोन दिन."

मी म्हटलं, का?

"पिशवी हातमा उनी तवयच समजनं त्याले. हलकी व्हती. इतला वरीस उचलस, वजन नही समजाव का? मी भांडनू त्याच्याशी. म्हटलं, जाय, सांग मास्तरले, गोळा नथूकडे शे. तं म्हणे, मी सांगसू तं नथूनी नोकरी जाई. सोता आणी देई तं ऱ्हाई. तो आणी देई. वाट दख."

आणि तू वाट बघितलीस. आठ दिवस. बांधावर बसून पाड्यावरच्या माणसांच्या वाकलेल्या पाठी बघत, फलाटावरचं ते घाणेरडं बोलणं ऐकत, एक शब्द न बोलता. दहा वर्षं मी समजत होतो की त्या गोष्टीतला गोमा मी होतो. कोट माझा, खिसा माझा, पराक्रम माझा. आणि मी होतो ते सातवं जग रे! मला सोडवायला आला होतास तू, एका बाकावर बसून, निंबाची काडी चावत. चौथ्या जगासारखंच केलंस की. बाजूच्या रुळावर दिवे विझवून थांबलास, मला सिग्नल पाडून दिलास, आणि मी आपणहून बरोबर जागी आलो. वहिनीसमोर मी लहान पोरासारखा रडलो आणि रडता रडता हसलो. पाचव्या जगाचाही वाद आज मिटवतो. तोफेची गरज नव्हती. तू जिंकलास.

आज सकाळी पॅसेंजर घेऊन खांडबाऱ्यात शिरलो. फलाटाच्या टोकाला तो नवा माणूस कडं धरून उभा, आणि त्याच्या शेजारी वहिनी. एवढ्या सकाळी पाड्यावरून चालत आली होती. माझ्या फायरमननं जुनं कडं टाकलं. नवा माणूस ते उचलून चालायला लागला तर तिनं त्याचा दंड धरला, कडं काढून घेतलं आणि पिशवी मुठीत दाबली. घट्ट दाबली. मग हात उंच केला आणि अख्ख्या स्टेशनाला ऐकू जाईल असं ओरडली, "शे!"

मी शिट्टीची दोरी ओढली, ती निंबापुढं जाईपर्यंत सोडली नाही. शे तं शे, दासू. शे तं शे.